ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा रिपोर्ट दर वेळी वेगळा येतोय? मशीन उघडण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. कुणाचे लागोपाठ गर्भपात झालेले असतात, कुणाच्या पायात काही कारण नसताना रक्ताची गुठळी झालेली असते. डॉक्टर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीच्या तपासण्या लिहून देतात. पहिल्या रिपोर्टात ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह, तीन महिन्यांनी निगेटिव्ह, दुसऱ्या लॅबमध्ये 'संशयास्पद'. मग लॅबचा फोन वाजतो. आपण कंट्रोल पुन्हा लावतो, रीएजंटचा लॉट बदलून पाहतो, कॅलिब्रेशन काढून बसतो. सगळं जागच्या जागी असतं आणि तोच नमुना पुन्हा लावला की तोच आकडा येतो.

याचं कारण बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतंच. ते असतं पेशंटच्या रक्तात असलेल्या औषधात, प्लाझ्मात राहून गेलेल्या प्लेटलेटमध्ये, किंवा नमुना कोणत्या दिवशी घेतला यात. म्हणून शोध घ्यायचा तो याच क्रमाने, मशीनकडून मागे नव्हे तर पेशंटकडून पुढे. हे लिखाण मुख्यतः कोॲग्युलेशनच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर काम करणाऱ्यांसाठी आहे. पण उलटसुलट रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या पेशंटलाही यातलं बरंचसं कळेल, आणि त्यांच्यासाठी शेवटाकडे वेगळंही लिहिलं आहे.

टेस्ट नेमकं काय पाहते

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसाठी, म्हणजे या अँटिबॉडीमुळे गुठळ्या किंवा गर्भपात होण्याच्या आजारासाठी, तीन तपासण्या लागतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट (बोलताना आपण नुसतं 'एलए' म्हणतो), अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन १. शेवटच्या दोन एलायझासारख्या पद्धतीने थेट अँटिबॉडी मोजतात. एलए मात्र अँटिबॉडी मोजत नाही, अँटिबॉडीचा परिणाम मोजते. प्लाझ्मा गोठायला किती सेकंद जास्त लागले एवढंच तिला दिसतं. त्यामुळे रक्त गोठायला उशीर लावणारी कोणतीही दुसरी गोष्ट तिला फसवू शकते. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

तपासणीत दोन वेगवेगळ्या वाटा वापरायच्या असतात. एक डीआरव्हीव्हीटी. यात घोणस सापाचं पातळ केलेलं विष प्लाझ्मात घालतात. ते फॅक्टर दहाला (फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी क्रमांकांची प्रथिनं) थेट जागं करतं, त्यामुळे वरच्या पायऱ्यांवरचे फॅक्टर आठ, नऊ, अकरा, बारा बाजूला राहतात. दुसरी वाट म्हणजे एलएला संवेदनशील एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी नेहमीची एक तपासणी), शक्यतो सिलिका असलेली आणि फॉस्फोलिपिड कमी ठेवलेली. दोन्हींपैकी एकात जरी निकष पूर्ण झाले तरी एलए पॉझिटिव्ह धरतात.

फॉस्फोलिपिड कमी का ठेवतात? गोठण्याची क्रिया फॉस्फोलिपिडच्या पृष्ठभागावर चालते आणि या अँटिबॉडी तीच जागा अडवतात. छोट्या बाकावर आगंतुक येऊन बसले की हक्काच्या माणसाला जागा उरत नाही. बाक लांब केला की सगळे मावतात. तपासणीची पहिली पायरी स्क्रीन म्हणजे छोटा बाक, खात्रीची पायरी कन्फर्म म्हणजे लांब बाक. कन्फर्ममध्ये फॉस्फोलिपिड भरपूर घातल्यावर लांबलेली वेळ खाली आली तर अडथळा फॉस्फोलिपिडशी निगडित आहे, म्हणजे एलए असण्याची शक्यता मोठी.

गंमत अशी की नळीत रक्त उशिरा गोठवणारी हीच अँटिबॉडी शरीरात गुठळ्या करते. आणि नावात 'ल्युपस' आहे म्हणून पेशंटला ल्युपस हा आजार आहे असं अजिबात नाही. हे नाव वाचून रात्रभर न झोपलेले लोक फोन करतात, तेव्हा रिपोर्टाच्या तळाला तेवढी एक ओळ छापायला हरकत नाही.

पहिला प्रश्न: पेशंट कोणतं औषध घेतोय आणि शेवटचा डोस कधी घेतला?

रिक्विझिशन फॉर्मवर हा रकाना रिकामा असेल तर नमुना लावण्याआधी फोन करा. नंतर करण्यात अर्थ नसतो, कारण तोवर रिपोर्ट गेलेला असतो. 'ब्लड थिनर चालू आहे' हे उत्तरही पुरेसं नाही. औषधाचं नाव हवं, कारण प्रत्येक औषध वेगळ्या तऱ्हेने फसवतं.

सध्या सगळ्यात जास्त घोळ रिव्हॅरोक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी करते. हे औषध सक्रिय झालेल्या फॅक्टर दहाला अडवतं, आणि घोणसीचं विष नेमकं त्याच फॅक्टरला जागं करत असतं. त्यामुळे डीआरव्हीव्हीटी लांबते यात नवल नाही. खरी पंचाईत पुढे आहे. अनेक रीएजंटमध्ये स्क्रीनची वेळ कन्फर्मपेक्षा जास्त लांबते, म्हणून दोघांचं गुणोत्तरही वर जातं आणि रिपोर्ट हुबेहूब खऱ्या एलएसारखा दिसतो.

आकड्यांत पाहू. समजा स्क्रीन ७२ सेकंद आली आणि नॉर्मल पूल प्लाझ्माची (अनेक निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा) ३८. गुणोत्तर १.८९. कन्फर्म ४८ सेकंद, पूलची ३५. गुणोत्तर १.३७. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.३८. लॅबची मर्यादा १.२० असेल तर हा सरळ पॉझिटिव्ह. मिक्सिंग करून, म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा नॉर्मल प्लाझ्मात निम्मा-निम्मा मिसळून पाहावं तर लांबलेली वेळ तिथेही दुरुस्त होत नाही, कारण औषध हा स्वतःच एक इनहिबिटर, म्हणजे गोठणं अडवणारा घटक आहे आणि नॉर्मल प्लाझ्मातल्या फॅक्टरलाही तो तितक्याच आवडीने पकडतो. म्हणजे तीनही पायऱ्या 'एलए आहे' म्हणतात आणि प्लाझ्मात एलएचा पत्ता नसतो.

इथे संशय यायला दोन खुणा पुरतात. एक, कन्फर्मसुद्धा १.३७ इतकी वर आहे. नुसत्या एलएमध्ये ती बहुधा नॉर्मलच्या आसपास उतरते. दोन, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ दोन्ही निगेटिव्ह आहेत. एकटी डीआरव्हीव्हीटी पॉझिटिव्ह आणि बाकी सगळं कोरं असेल तर मी आधी औषधाची चौकशी करते, मग रिपोर्टवर सही.

एपिक्साबॅनचा परिणाम तुलनेने सौम्य असतो, पण नसतो असं नाही. डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिनलाच अडवतं, त्यामुळे ते डीआरव्हीव्हीटी आणि एपीटीटी दोन्ही लांबवतं. डोसच्या अगदी आधी, म्हणजे रक्तातलं औषध सर्वांत कमी असताना नमुना घेतला की झालं, असा एक समज आहे. तेवढ्या उरलेल्या औषधानेही टेस्ट फसू शकते.

मग करायचं काय? औषध शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड चारकोल मिळतो. तो प्लाझ्मात घालून काही मिनिटं हलवायचा, सेंट्रिफ्यूज करायचा आणि वरचा प्लाझ्मा वापरायचा. हा चारकोल या गटातली औषधं काढतो. हेपरिन आणि वॉर्फरिनवर त्याचा इलाज चालत नाही. चारकोलचे कण वर राहिले तर वेळेचे आकडे बिघडतात, म्हणून पिपेट तळाच्या काळ्या थराजवळ नेऊ नका. वरच्या उदाहरणात चारकोलनंतर स्क्रीनचं गुणोत्तर १.०५ वर आलं, तर उत्तर मिळालं. चारकोलनंतरही ते वरच राहिलं, तर औषध खरंच पूर्ण निघालं का हे अँटि-टेन-ए (सक्रिय फॅक्टर दहाला अडवणारं औषध किती आहे ते सांगणारी चाचणी) मोजून पाहा आणि मगच एलए म्हणा.

दुसरा मार्गही सापांकडूनच जातो. ऑस्ट्रेलियातल्या तायपान सापाचं विष प्रोथ्रॉम्बिनला थेट जागं करतं. फुरशाच्या विषातलं इकॅरिनही तेच करतं, फक्त त्याला फॉस्फोलिपिडची गरज लागत नाही. म्हणून तायपानची स्क्रीन आणि इकॅरिनची कन्फर्म अशी जोडी लावली तर फॅक्टर दहा वाटेत येतच नाही. रिव्हॅरोक्साबॅन, एपिक्साबॅन आणि वॉर्फरिन यांचा त्रास टळतो. डॅबिगॅट्रानचा टळत नाही. सगळ्या लॅबमध्ये ही सोय नसते, पण रेफरन्स लॅबला नमुना पाठवताना ही टेस्ट मागता येते.

हे सगळं किती गंभीर आहे ते सांगायला एक दाखला पुरे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅप्स' या चाचणीत तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्या पेशंटमध्ये रिव्हॅरोक्साबॅन आणि वॉर्फरिनची तुलना केली होती. रिव्हॅरोक्साबॅनच्या गटात गुठळ्या जास्त होऊ लागल्या म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. म्हणजे एलएचा रिपोर्ट पाहून डॉक्टर औषधच बदलू शकतात. औषधामुळे आलेला खोटा पॉझिटिव्ह पेशंटला कायमचं वॉर्फरिनवर नेऊन ठेवू शकतो, आणि खोटा निगेटिव्ह त्याला चुकीच्या गोळीवर.

हेपरिनचं गणित सोपं आहे. डीआरव्हीव्हीटीच्या बहुतेक रीएजंटमध्ये हेपरिन निष्प्रभ करणारा घटक असतो. साधारण ०.८ ते १ युनिट प्रति मिलिलीटरपर्यंत तो पुरतो, नेमकी मर्यादा किटच्या कागदावर असते. एपीटीटीच्या रीएजंटमध्ये हे संरक्षण बहुधा नसतं. म्हणून हेपरिनच्या नमुन्यात डीआरव्हीव्हीटी स्वच्छ आणि एपीटीटी लांबलेली असं चित्र दिसतं. पोटाच्या कातडीखाली टोचायचं लो मॉलिक्युलर वेट हेपरिन चालू असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर किमान १२ तासांनी, पुढच्या इंजेक्शनच्या आधी नमुना घ्यावा. शिरेतून चालू असलेल्या हेपरिनवर ही टेस्ट करूच नये. आणि फॉर्मवर हेपरिन लिहिलेलं नसेल तरी रक्त सेंट्रल लाइनमधून काढलं का ते विचारा. लाइन हेपरिनने फ्लश केलेली असते. शंका आली की थ्रॉम्बिन टाइम (प्लाझ्मात थ्रॉम्बिन घालून गोठण्याची वेळ मोजणारी टेस्ट) लावा. तो भलताच लांबला तर हेपरिन किंवा डॅबिगॅट्रान. मात्र थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, रिव्हॅरोक्साबॅन आणि एपिक्साबॅन त्याला शिवतही नाहीत. त्यांच्यासाठी अँटि-टेन-ए हवं.

वॉर्फरिन आणि एसिनोकुमॅरॉलमध्ये फॅक्टर दोन, सात, नऊ, दहा कमी झालेले असतात, त्यामुळे स्क्रीन आणि कन्फर्म दोन्ही लांबतात. आयएनआर (वॉर्फरिनचा परिणाम किती आहे ते सांगणारा आकडा) १.५ पेक्षा कमी असेल तर टेस्ट करता येते. १.५ ते ३ मध्ये असेल तर प्लाझ्मा नॉर्मल पूलमध्ये समप्रमाणात मिसळून करतात. त्याने फॅक्टरची उणीव भरून निघते, पण कमजोर एलए अर्धा पातळ होऊन लपूनही जातो. तेव्हा अशा नमुन्यातला निगेटिव्ह 'नाही' असा वाचायचा नाही, 'दिसला नाही' असा वाचायचा. आयएनआर ३ च्या वर असेल तर नमुना परत पाठवा.

प्लेटलेट: गोठवलेल्या नमुन्याचा छुपा चोर

खोट्या पॉझिटिव्हचा मोठा गुन्हेगार औषध, तसा खोट्या निगेटिव्हचा प्लेटलेट. नमुना दोनदा सेंट्रिफ्यूज करायचा आणि उरलेल्या प्लेटलेट मायक्रोलीटरमागे १०,०००च्या खाली आणायच्या, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. का, ते विसरलं की नियम ढिला पडतो.

प्लेटलेटचं आवरण फॉस्फोलिपिडचंच असतं. ताज्या प्लाझ्मात थोड्या प्लेटलेट राहिल्या तर त्या अजून अखंड असतात, नुकसान कमी. पण नमुना फ्रीझरमध्ये गोठवून पुन्हा वितळवला की त्या फुटतात आणि स्क्रीनच्या नळीत फुकटचं फॉस्फोलिपिड येतं. म्हणजे आपण न सांगता स्क्रीनची कन्फर्म झाली. एलएची वेळ उतरते आणि रिपोर्ट निगेटिव्ह. 'ताजा लावला तेव्हा पॉझिटिव्ह होता, दुसरीकडे गोठवून पाठवला तर निगेटिव्ह आला' ही तक्रार ऐकली की माझा हात आधी सेंट्रिफ्यूजकडे जातो.

टेबलावर हे असं दिसतं. पहिल्या फेरीनंतर नळीत खाली लाल पेशी, त्यावर पांढुरका पातळ थर आणि वर पिवळा प्लाझ्मा. पांढरट थराच्या वर निदान पाच मिलिमीटर प्लाझ्मा सोडून द्यायचा आणि वरचाच ओढायचा. पुरेसा निघत नाही म्हणून टोक खाली नेण्याचा मोह होतो, आणि नेमका तिथेच प्लेटलेटचा ढग असतो. हा प्लाझ्मा प्लास्टिकच्या नव्या नळीत घेऊन दुसरी फेरी. या वेळी तळाला डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून लोक नळी सगळी उपसतात. तळाचा पाव मिलिलीटरभर तिथेच राहू द्या. न दिसणाऱ्या प्लेटलेट त्यातच बसलेल्या असतात.

फेऱ्या १,५०० ते २,५०० जी वर, १५ मिनिटं, खोलीच्या तापमानाला. आकडा 'जी'चा, म्हणजे नमुन्यावर पडणाऱ्या जोराचा आहे, आरपीएमचा, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा नाही. रोटरची त्रिज्या बदलली की त्याच आरपीएमला जी बदलतं, आणि नवं सेंट्रिफ्यूज आल्यावर जुनाच आरपीएम लावून ठेवलेला सर्रास सापडतो. बकेट बाहेर झुलणारा रोटर वापरा आणि ब्रेक बंद ठेवा. ब्रेकच्या धक्क्याने खाली बसलेला थर पुन्हा वर उठतो. दुसऱ्या फेरीनंतरचा प्लाझ्मा अधूनमधून सेल काउंटरवर लावून प्लेटलेट मोजा, वही ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण याने जितक्या तक्रारी मिटतात तितक्या नव्या रीएजंटने मिटत नाहीत.

नॉर्मल पूल प्लाझ्मा घरचा बनवत असाल तर त्यालाही हेच नियम. पुलातच प्लेटलेट राहिल्या तर मिक्सिंग प्रत्येक पेशंटचं 'दुरुस्त' होतं आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

गोठवायचं तर उणे ७० अंश किंवा त्याखाली. वितळवायचं ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये, पाचेक मिनिटं, मग हलक्या हाताने उलटसुलट करून. टेबलावर हळूहळू वितळायला ठेवू नका. एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवून वापरू नका.

ट्यूब

निळ्या झाकणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. खुणेपेक्षा कमी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि सगळ्या वेळा लांबतात. बटरफ्लाय सुईने घेतलेली पहिली ट्यूब हमखास कमी भरते, कारण नळीतली हवा ट्यूबमधली पोकळी खाऊन टाकते. आधी एक टाकाऊ ट्यूब भरा. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर सायट्रेटचं प्रमाण कमी करावं लागतं. रक्त फ्रीजमध्ये किंवा बर्फावर पाठवू नका, चार तासांत प्लाझ्मा वेगळा करा. हिमोलाइज्ड किंवा चरबीमुळे दुधाळ झालेला नमुना प्रकाशावर चालणाऱ्या मशीनला गोंधळवतो. यात नवीन काही नाही, पुढे जाऊ.

नमुना कधी घेतला

गुठळी झाल्या झाल्या, तापात, इन्फेक्शनमध्ये, ऑपरेशननंतर किंवा गरोदरपणात घेतलेला नमुना दोन्ही बाजूंनी घसरतो. शरीरात दाह असला की सीआरपी नावाचं प्रथिन वाढतं. ते एपीटीटीच्या काही रीएजंटमधल्या फॉस्फोलिपिडला चिकटतं आणि खोटा एलए उभा करतं. त्याच वेळी फॅक्टर आठही वाढलेला असतो, तो एपीटीटी लहान करतो आणि खरा एलए झाकतो. एकाच पेशंटमध्ये दोन्ही चालू असतील तर आकडा कुठे जाईल याचा भरवसा नाही. डीआरव्हीव्हीटीला यातलं काही फारसं बाधत नाही, कारण तिच्या वाटेत फॅक्टर आठ नाही. तेव्हा तापातल्या पेशंटची फक्त एपीटीटी पॉझिटिव्ह असेल तर सीआरपी पाहा आणि बरं वाटल्यावर पुन्हा बोलवा.

इन्फेक्शनमध्ये काही वेळा अँटिबॉडी खरोखरच येतात आणि काही आठवड्यांत निघूनही जातात. निरोगी माणसांतही थोड्यांच्या रक्तात त्या सापडतात. म्हणून तर पॉझिटिव्ह आलेली तपासणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची हा नियम आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिडनी निकषांपासून हे अंतर १२ आठवडे आहे. त्याआधी ६ आठवडे होतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तो आकडा दिसतो. पहिल्या वेळी पॉझिटिव्ह आणि १२ आठवड्यांनी निगेटिव्ह आला, तर दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. यात निवारण करण्यासारखं काही नाही. तपासणी दोनदा करायची ती हेच कळावं म्हणून. उलट पहिल्या आठवड्यात पॉझिटिव्ह आल्यावर 'खात्री करायला' पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लॅबमध्ये जाण्याने गोंधळ तेवढा वाढतो.

मिक्सिंग आणि कन्फर्म भांडतात तेव्हा

स्क्रीन लांब, कन्फर्म स्पष्ट पॉझिटिव्ह, पण मिक्सिंग दुरुस्त. असा नमुना आला की दोन टेक्निशियन दोन बाजूंना उभे राहतात.

मिक्सिंगचा एक निर्देशांक असा काढतात: मिश्रणाच्या वेळेतून नॉर्मलची वेळ वजा करा, पेशंटच्या वेळेने भागा, शंभरने गुणा. पेशंट ६८ सेकंद, नॉर्मल ३८, मिश्रण ५२ असेल तर २०.६. बऱ्याच लॅबच्या मर्यादेच्या वर, म्हणजे इनहिबिटर. पण पेशंट ४७ आणि मिश्रण ४० असेल तर ४.३ येतो, म्हणजे 'दुरुस्त'. हा दुसरा नमुना कमजोर एलएचा असू शकतो, कारण अर्धा नॉर्मल प्लाझ्मा घातल्यावर अँटिबॉडीही अर्धीच उरते. क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटच्या २०१४ च्या मार्गदर्शकाने म्हणूनच मिक्सिंग कन्फर्मच्या मागे ठेवलं. माझं मत त्याच बाजूचं आहे. औषध नाही, आयएनआर नॉर्मल, कन्फर्म स्पष्ट, तर केवळ मिक्सिंग दुरुस्त झालं म्हणून एलए नाकारू नये. मर्यादा मात्र स्वतःच्या लॅबच्या निरोगी माणसांवरून, स्वतःच्या रीएजंट आणि मशीनवर ठरवलेली हवी. किटच्या कागदावरचा आकडा उचलून वापरणं ही कमजोर पॉझिटिव्हच्या वादाची अर्धी मुळं आहेत.

एक अपवाद विसरू नका. पेशंटला रक्तस्राव होतोय आणि एपीटीटी लांब आहे, तर फॅक्टर आठचा इनहिबिटर डोक्यात ठेवा. तो मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावर खरा रंग दाखवतो, तर एलए सहसा मिसळता क्षणीच दाखवतो. इथली चूक महागात पडते, कारण दोन्हींचे उपचार उलट दिशेला जातात.

एलायझाचे आकडे जुळत नाहीत

अँटिकार्डिओलिपिन एका लॅबमध्ये ३८, दुसरीत ९०. दोन्ही बरोबर असू शकतात. एलायझाचे एकक आणि केमिल्युमिनेसन्सचे एकक सारखे नाहीत, एकाचं गुणोत्तर काढून दुसरं मिळत नाही. २०२३ च्या अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी आणि युलार (संधिवाताच्या डॉक्टरांची युरोपीय संघटना) यांच्या निकषांत ४० ते ७९ मध्यम आणि ८० पासून पुढे जास्त असं धरलं आहे, पण ते एलायझाच्या एककांत. रिपोर्टवर पद्धत छापलेली नसेल तर आकडा वाचू नका. आयजीएम आणि आयजीजी हे अँटिबॉडीचे दोन वर्ग. एकटं आयजीएम थोडंसं वर असेल तर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरमुळे (संधिवातात आढळणारी एक अँटिबॉडी) ते खोटंही असू शकतं. त्याच निकषांत एकट्या आयजीएमला वजनही कमी दिलं आहे.

या दोन तपासण्यांचा मोठा फायदा म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी त्या बिघडत नाहीत. औषध थांबवणं शक्यच नसेल तर आधी यांच्याकडे पाहा. दोन्ही एकाच वर्गात, म्हणजे दोन्ही आयजीजी, चांगल्या वर असतील तर एलएच्या शंकास्पद पॉझिटिव्हला आधार मिळतो.

पेशंटसाठी

टेस्ट नीट यावी म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. एका डोसाच्या चुकीने गुठळी होऊ शकते, आणि टेस्टसाठी तेवढी घाई कधीच नसते. वॉर्फरिन थांबवून काही दिवस हेपरिनवर ठेवून नमुना घेणं हा डॉक्टरांचा निर्णय आहे. तुम्ही करायचं ते एवढंच: औषधाचं नाव, शेवटचा डोस किती वाजता घेतला, गेल्या महिन्यात ताप किंवा इन्फेक्शन झालं का, गरोदर आहात का, हे कागदावर लिहून रक्त घेणाऱ्याच्या हातात द्या. दोन्ही वेळा शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. जुने रिपोर्ट फेकू नका, निगेटिव्हसुद्धा.

ऑपरेशनआधी एपीटीटी लांब आली आणि पुढे एलए निघाला, तर रक्त वाहील म्हणून घाबरायचं कारण सहसा नसतं; जपायचं असतं ते गुठळीला. प्लेटलेट फार कमी असतील किंवा प्रोथ्रॉम्बिनही घटलेलं असेल तरच गोष्ट वेगळी.

एलए पक्का झाल्यावरही एक खड्डा राहतो

पेशंट वॉर्फरिनवर जातो आणि दर काही दिवसांनी आयएनआर येऊ लागतो. बोटातून रक्त घेऊन आयएनआर सांगणाऱ्या छोट्या मशीनवर काही एलए पेशंटचा आकडा खोटा वर येतो, काही थ्रॉम्बोप्लास्टिनवर (आयएनआरच्या टेस्टचं रीएजंट) लॅबमध्येही. आकडा ४ दिसतो, डॉक्टर डोस कमी करतात, आणि पेशंट खरं तर कमी डोसवर असतो. वॉर्फरिन सुरू करण्याआधीचा पीटी (ज्यावरून आयएनआर काढतात ती गोठण्याची वेळ) पाहा. तेव्हाच तो लांब असेल तर सावध राहा. सुरुवातीला दोन-तीन वेळा छोट्या मशीनचा आणि शिरेतल्या नमुन्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. तफावत निघाली तर क्रोमोजेनिक, म्हणजे रंगावरून मोजणाऱ्या पद्धतीने फॅक्टर दहा मोजा, त्यात अँटिबॉडी लुडबुड करत नाही. त्याची पातळी साधारण २० ते ४० टक्क्यांत असेल तर वॉर्फरिनचा परिणाम आयएनआर २ ते ३ च्या जवळपास आहे असं धरता येतं. हेपरिनवर असलेल्या एलए पेशंटचंही तसंच: एपीटीटी आधीच लांब असल्यामुळे तिच्यावरून डोस ठरवता येत नाही, अँटि-टेन-ए लावावं लागतं.